आपल्यातलं माणूस

मृणालताईंनी डबा माझ्या हातातून घेतला. हसतच घेतला.

कॉर्कमधला चर्चचा हॉल होता, गणपतीसाठी एका दिवसाच्या भाड्यानं घेतलेला. पुढे हॉलमध्ये मूर्ती, फुलं, नैवेद्याचं टेबल. मागे छोटं किचन. मी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन किचनमधून टेबलाकडेच निघाले होते. पहाटे उठून केलेल्या पोळ्या. तूप लावून, मऊसूत.

"अगं, नैवेद्यात नको," त्या म्हणाल्या. "तुमच्यात तर गणपती मानत नाहीत ना?"

मग त्यांनी सिंकखालचं प्रेस उघडलं. इथे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. आत ब्लीचची बाटली होती, कचऱ्याच्या पिशव्या होत्या, एक ओलं फडकं होतं. त्या फडक्याच्या बाजूला त्यांनी माझा डबा ठेवला. दार पायानं लोटलं. आणि हात धुतले. साबण लावून धुतले.

"चल गं आरतीला, सगळे थांबलेत."

आणि मी गेले. दुसऱ्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या. जेवणं सुरू झाली तेव्हा कोणीतरी ओरडलं, "पुरणपोळ्या संपल्या का हो? कमी पडल्या यंदा." मृणालताई म्हणाल्या, "हो ना, पुढच्या वर्षी जास्त करू." माझ्याकडे बघून म्हणाल्या. माझ्या हातात कोल्ड्रिंकचा ग्लास होता. सगळे गेल्यावर प्रेसमधून डबा काढला, पिशवीत घातला आणि बस पकडली. घरी येऊन त्यातल्या दोन पोळ्या ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ल्या. बाकीच्या नाही गेल्या घशाखाली.

मी नागपूरची. बौद्ध. केमिस्ट्रीत एमएस्सी केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, आता कॉर्कजवळच्या एका औषध कंपनीत क्वालिटीत काम करते. एकटी राहते. गणपती आमच्या घरी बसत नाही, कधी बसलाच नाही. मग मी तिथे कशाला गेले? मराठी बोलायला गेले. आठ-आठ दिवस मराठीचा शब्द कानावर पडत नाही तेव्हा माणूस कुठेही जातो. मृणालताई इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष, नवरा-बायको दोघं आयटीत, पुण्याचे. पहिल्या वर्षी त्यांनीच मला घरी बोलावलं होतं. "इथे आपणच एकमेकांचे," म्हणाल्या होत्या. खरं सांगते, मला रडू आलं होतं तेव्हा.

थेट जात विचारायची पद्धत नाही या लोकांत. ते मागासलेपण झालं. आडनाव विचारतात. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून पत्ता लागत नाही. मग विचारतात, नागपुरात कुठे? मग, कुलदैवत कोणतं गं तुमचं? मग, लग्नं कशी होतात तुमच्यात, घरी की हॉलवर? मी कधी लपवलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण सरळ विचारायची हिंमत लागते, तीही नाही. मग चौदा एप्रिलला मी व्हॉट्सअ‍ॅपला निळं स्टेटस ठेवलं, जय भीम लिहून. कोणी कोणी पाहिलं ते त्यात दिसतं. मृणालताईंनी पाहिलं. मंडळाच्या अर्ध्या लोकांनी पाहिलं. कोणी चकार शब्द काढला नाही. आणि सप्टेंबरात, ग्रुपवर मी "पुरणपोळ्या मी करते" असं लिहिल्यावर, मृणालताईंचा मला वेगळा मेसेज आला. "तू कोल्ड्रिंक आणशील का? पोळ्यांचं झालंय." तोवर माझी डाळ भिजलेली होती. मला वाटलं, जास्त झाल्या तर काय बिघडतं? मूर्खासारखी दोन्ही घेऊन गेले.

त्यानंतर माझा श्वास अडकायला लागला.

आमच्या प्लांटमध्ये क्लीनरूम असते. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, हूड, मास्क, गॉगल, दोन-दोन ग्लव्ह्ज. वर्षानुवर्षं घालत आले, डोळे मिटून घालू शकते. गणपतीनंतरच्या सोमवारी मास्क लावला आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं. दाराबाहेर आले तेव्हा घामानं निथळत होते. आधी वाटलं, झोप झाली नसेल. मग परत झालं. मग रोज. मास्क नाकावर आला की श्वास खलास. सुपरवायझर चांगला माणूस, म्हणाला, "घरी जा, डॉक्टरला दाखव, यू आर ग्रँड." इथे ठीक असण्याला ग्रँड म्हणतात. पण ग्रँड कसली? क्लीनरूममध्ये जाता आलं नाही तर माझं काम नाही. काम नाही तर परमिट नाही. परमिट नाही तर देश सोडायचा. म्हणजे एका बाईनं डबा सिंकखाली सरकवला आणि माझा दाणापाणी धोक्यात आला. हे कोणाला सांगायचं? सांगितलं तर लोक हसतील. पुरणपोळीवरून?

डॉक्टरनी समुपदेशनाला पाठवलं. सरकारी हेल्थ सेंटर, छोटी खोली, दोन खुर्च्या, टिश्यूचं खोकं. समोर नोरीन. साठीला आलेली, कॉर्कचीच, स्वेटरवर कुत्र्याचे केस. मी अडखळत सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे त्या बाईला कशाची अ‍ॅलर्जी होती का?"

अ‍ॅलर्जी! इथे प्रत्येक पदार्थावर लिहितात ना, यात दाणे आहेत, यात दूध आहे. तिला वाटलं तसलं काहीतरी. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. मग मी तिला जात समजावून सांगितली. तासभर. माझ्या उपचाराच्या तासात मी शिकवणी घेत बसले होते. ती विचारत होती, पण रंग तर तुमचा सारखाच आहे? मग कळतं कसं? आणि ते तुझ्यासोबत एकाच ऑफिसात बसतात? मी उत्तरं देत होते आणि आतून चिडत होते. पायाला फ्रॅक्चर झालेल्या माणसानं डॉक्टरला आधी हाड म्हणजे काय ते सांगायचं, असा तो प्रकार. शेवटी ती म्हणाली, "त्या बाईला तोंडावर सांगायचं होतंस, चालती हो म्हणून!" तेवढं मात्र बरं वाटलं.

दुसऱ्या भेटीत तिनंच विषय काढला. "मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मी चुकीचं बोलून तुझं नुकसान करायला नको. आमच्याकडे एक नवीन कार्यक्रम सुरू झालाय. तुझ्या भाषेतलं, तुझ्या संस्कृतीतलं माणूस मिळेल."

तिनं माहितीपत्रक दिलं. वर रांगोळीचं चित्र. आत लिहिलेलं, समाजाच्या सल्ल्यानं तयार केलेला कार्यक्रम. मराठीत बोलणारी मानसशास्त्रज्ञ उपलब्ध. मराठीत! मी बसमध्ये ते पत्रक परत परत वाचलं. मला काय काय सांगायचं होतं ते मी मनात मराठीत जुळवायला लागले. कॉर्क ते कॅरिगलाईन, माझ्या घरापर्यंतचा अख्खा रस्ता. इंग्रजीत मला फक्त "अपसेट" म्हणता येत होतं. मराठीत मला म्हणता आलं असतं की माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. मी फार खूश होते त्या दिवशी, आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

केतकी डब्लिनला राहायची, ओंगारकडे. भेट व्हिडिओवर. मागे शेल्फवर पितळी समई, शेजारी हिरवं झाड. पहिल्यांदा म्हणाली, "डोळे मिट, एक दीर्घ श्वास, आणि मनात ओम म्हण." मी म्हटलं, "मॅडम, मी बौद्ध आहे." ती म्हणाली, "अगं केतकी म्हण. आणि ओम युनिव्हर्सल आहे." मग हसून म्हणाली, "नागपूरची ना? पण मराठी छान आहे हं तुझं. कळत नाही अजिबात."

मी थँक्यू म्हटलं. तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या क्षणी कानशिलं तापली. काय कळत नाही? माझ्या आईनं पोटाला चिमटा काढून शाळेत शिकवलेलं मराठी, आणि ही मला शाबासकी देते की कळत नाही म्हणून.

तरीही मी बोलले. मला बरं व्हायचं होतं हो. मी सगळं सांगितलं. डबा, फडकं, साबण. बोलता बोलता नाव घेतलं.

"मृणाल?" केतकी पुढे वाकली. "कॉर्कची मृणाल? अगं, ती तसली नाहीये. आम्ही एकाच शाळेत होतो पुण्याला."

ती बोलत राहिली.

"हे बघ, काही घरांत सोवळंओवळं असतं. श्रद्धेचा भाग असतो तो. त्यात तुझा अपमान करायचा हेतू नसतो. दुसऱ्याची संस्कृती आपण रिस्पेक्ट करायला हवी ना? आणि तुम्ही लोक जरा पटकन दुखावता. साहजिक आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं असतं ते आत. तिनं काय केलं ते आपण बदलू शकत नाही. आपण तुझ्या रिअ‍ॅक्शनवर काम करूया."

तुम्ही लोक. माझ्या रिअ‍ॅक्शनवर. मग तिनं मला अभ्यास दिला. रोज झोपताना मृणालबद्दल एक चांगली गोष्ट आठवायची.

आणि मी काय म्हटलं माहितीये? "सॉरी, मी उगाच नाव घेतलं." अपमान झाला माझा, माफी मागितली मी. जिथे जाऊन माणसानं मोकळं व्हायचं, तिथे मी परत तशीच दुसऱ्या रांगेत उभी राहिले.

त्या आठवड्यात मी एकदाही सूट घालू शकले नाही. कंपनीच्या एचआरनं ईमेल केला, कामासाठी फिट आहात का त्याचा डॉक्टरचा दाखला द्या. भाषा गोड होती, अर्थ सरळ होता.

रविवारी आईचा फोन आला. माझा आवाज ऐकूनच तिला कळलं.

"काहून वं? काय झालं?"

सांगितलं. सगळं ऐकून ती आधी माझ्यावरच उखडली. "तू कायले गेली होती वं तिथं डबा घेऊन? कोणं बलावलं होतं तुले?" मग म्हणाली, "आणि त्या डॉक्टरणीनं तुलेच शिकवलं? तिले म्हणा, इकडं ये, आमच्या विहारात बस एक दिवस."

आई बोलली आणि मला आमचं विहार आठवलं. आमच्या वस्तीतल्या बाया संध्याकाळी तिथे बसायच्या. वंदना झाली की गप्पा. कोणाचा नवरा मारतो, कोणाच्या पोराला ऑफिसात साहेब टोचून बोलतो, कोणाला रात्रीची झोप नाही. शेजारच्या एका काकूंचा मुलगा गेला तेव्हा त्या बोलायच्याच बंद झाल्या होत्या. बायांनी पाळ्या लावून घेतल्या. रोज एक जण त्यांच्या घरी झोपायला. कोणी उपदेश केला नाही, कोणी म्हटलं नाही की तुमच्या रिअ‍ॅक्शनवर काम करा. भाकरी टाकायच्या, सोबत झोपायच्या, आणि त्या रडल्या की त्यांच्याबरोबर रडायच्या. काकू बोलायला लागल्या. समाजाचा आधार म्हणजे काय ते मी शाळेत असताना डोळ्यांनी पाहिलंय. रांगोळी छापून मला ते कोणी शिकवायची गरज नव्हती.

सोमवारी मी कार्यक्रमाच्या ऑफिसात फोन केला. डेर्ड्रा नावाची बाई तिथली प्रमुख. मी म्हटलं, मला केतकी नको. मला नोरीनकडे परत जायचंय.

"पण आम्ही मुद्दाम तुमच्या समाजातलं माणूस दिलं!" ती म्हणाली. खरंच गोंधळली होती बिचारी.

"ती माझ्या समाजातली नाही," मी म्हटलं.

"तुम्ही दोघी एकच भाषा बोलता ना?"

यावर एका फोनमध्ये काय सांगणार? ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात लायब्ररीत बैठक आहे, लोकांचं ऐकून घेण्यासाठीच आहे, जरूर या. नोरीनकडे परत पाठवण्याबद्दल मात्र म्हणाली, बघू. आधी केतकीबरोबरच्या ठरलेल्या भेटी पूर्ण केल्या तर बरं पडेल.

मी गेले. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावरची खोली, चहा, बिस्किटं, गोल मांडलेल्या खुर्च्या. पंधरा-वीस माणसं. मागे भिंतीशी नोरीन. आणि डेर्ड्राच्या उजव्या हाताला, हँडलूमची साडी नेसून, मृणालताई. पुढ्यात पाटी. समाज प्रतिनिधी.

मी दारातच थबकले. मला बघून त्यांनी हात हलवला. अगदी घरच्यासारखा.

कार्यक्रम कोणाच्या सल्ल्यानं तयार झाला ते मला तेव्हा कळलं. कार्यक्रम आखणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या लोकांना मराठी समाजाशी बोलायचं होतं. त्यांनी मंडळाला ईमेल केला. मंडळाच्या अध्यक्षांनी उत्तर दिलं. झाला समाज! ओम तिथून आला, समई तिथून आली, रांगोळी तिथून आली. एकाला विचारलं नाही की बाबा, तुमच्यात कोणी असं आहे का जे मंडळात येत नाही, आणि का येत नाही?

मृणालताई छान बोलल्या. इंग्रजी त्यांचं फर्डं आहे. आमचा समाज फार एकमेकांना धरून आहे, त्या म्हणाल्या. आमच्याकडे कोणी एकटं पडत नाही. सण आहेत, कुटुंब आहे, अध्यात्म आहे. सगळे माना डोलावत होते, लिहून घेत होते. मी नखं तळहातात रुतवून बसले होते.

तेवढ्यात मागून नोरीननं हात वर केला. "आणि जात? तो विषय या कार्यक्रमात कुठे आहे?"

मृणालताई हसल्या. "ते जुनं झालं. भारतातच राहिलं ते. आमच्या समाजात असलं काही नाही."

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि सगळे बघायला लागले.

मी आधी मराठीत बोलले. "मृणालताई, माझा डबा सिंकखाली कोणी ठेवला?"

त्यांचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, आत्ता? इथे? यांच्यासमोर?"

हे म्हणजे कमाल झाली! गोऱ्यांसमोर लाज वाटली. माझ्यासमोर हात धुताना वाटली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "यांच्यासमोरच."

मग मी इंग्रजीत सांगितलं. सगळं. पोळ्या, फडकं, साबण, "तुमच्यात". केतकीनं काय म्हटलं तेही सांगितलं. मध्येच श्वास अडकला. मास्क नव्हता, सूट नव्हता, तरी अडकला. मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि थांबले. कोणाला काय करावं सुचेना. श्वास थोडा आला तसं पुढचं वाक्य बोलले. मग परत थांबले. असं तुकड्या-तुकड्यांनी बोलले, पण पुरं बोलले.

डेर्ड्राचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही हे सांगितलंत त्याबद्दल आभार," ती म्हणाली. "पण आपल्याला सगळ्यांच्याच परंपरांचा आदर ठेवायचाय. हा समाजाच्या आतला नाजूक विषय दिसतो. आपण नंतर खाजगीत बोलूया का?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या नावानं कार्यक्रम काढलात. मला विचारलं नाही. समाजाच्या अध्यक्षबाईंना विचारलंत. त्यांच्या परंपरेत माझी जागा कुठे आहे ते मी आत्ता सांगितलं. त्याचा आदर ठेवायचा असेल तर माझा उपचार कशाला करता? मला मग बरंच होऊ नका देऊ."

मृणालताईंनी पर्स उचलली. जाता जाता माझ्याजवळ थांबल्या. "एवढं मनात होतं तर मला फोन करायचा होतास गं. आपलं आपण मिटवलं असतं."

"तुमचं मिटलंच होतं, ताई," मी म्हटलं. "माझं राहिलं होतं."

घरी पोचायच्या आत मला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं होतं. कारण नाही, काही नाही. मग एक-दोन मेसेज आले. तू समाजाची बदनामी केलीस. परक्यांच्या हातात कोलीत दिलंस. एवढं शिकूनही शेवटी तेच. आणखी एक मेसेज आला, एका मुलाचा. डब्लिनला आयटीत आहे, मंडळात स्टेजवर सूत्रसंचालन करतो, मी त्याला दोनदा भेटले होते. त्यानं लिहिलं होतं, "जय भीम ताई. मी पण. प्लीज कोणाला सांगू नका." मला त्याच्यावर राग आला नाही. ज्यांच्या भीतीनं तो हे लपवून लिहितो त्यांच्यावर आला. असा आला की मोबाइल भिरकावून द्यावा वाटला. त्याला म्हटलं, सांगणार नाही. पण तू रात्री झोपतोस का नीट?

आठवड्यानं डेर्ड्राचा ईमेल आला. फार विचार करून लिहिलेला. मला नोरीनकडे परत पाठवायला त्या तयार आहेत. केतकीशीही त्या बोलणार आहेत. पण बदलीचं कारण लिहावं लागतं. "सांस्कृतिक गैरसमज" असं लिहिलं तर चालेल का? म्हणजे कोणी दुखावणार नाही. आणि सल्लागार गटात मला घ्यावं असं त्यांना मनापासून वाटतं, पण त्यासाठी आधी गटातल्या समाज प्रतिनिधींची संमती लागेल. म्हणजे मृणालताईंची.

चांगली माणसं आहेत हो ही. वाईट असती तर सोपं गेलं असतं. यांना खरंच वाटतं की सगळ्यांना सांभाळून घेतलं की न्याय होतो. ज्याच्या तोंडात मारली आणि ज्यानं मारली, दोघांना एकाच बाकावर बसवायचं आणि मध्ये बिस्किटांची प्लेट ठेवायची.

उत्तर लिहिलं. गैरसमज कोणाचाही झालेला नाही. मृणालताईंना मी कोण ते बरोबर समजलं होतं, मलाही त्या कोण ते बरोबर समजलं. कारण लिहायचं तर जात लिहा. नाहीतर तो रकाना रिकामा ठेवा, मी नोरीनकडे तशीच जाऊन बसेन. आणि संमतीचं म्हणाल तर माझ्याबद्दल बोलायला मला कोणाची संमती नको.

मंगळवारपासून नोरीनकडे जायला लागले. तिला अजून फारसं काही कळत नाही. ती विचारते, मी सांगते, अजून चिडते. एकदा म्हटलंही तिला, "तुझं शिकणं माझ्या तासात का?" ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं, मी घरी वाचून येते." वाचून येते की नाही ते तिचं तिला ठाऊक. मास्क अजून लागत नाही. कंपनीनं महिन्याची मुदत दिलीय, तोवर मी बाहेर लॅबमध्ये बसून रिपोर्ट तपासते. पुढे काय होईल माहीत नाही. परमिट राहील की जाईल, तेही माहीत नाही.

पण पुढची बैठक लागलीय. त्याच लायब्ररीत, त्याच खोलीत. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे. खुर्ची दिली तर बसेन, नाही दिली तर उभी राहीन. श्वास अडकला तर अडकू दे, थांबून थांबून बोलेन, ज्यांना घाई आहे त्यांनी उठून जावं. समोर मृणालताई असोत नाहीतर आणखी कोणी ताई, दादा, डॉक्टर, प्रोफेसर. "आमच्या समाजात असलं काही नाही", हे वाक्य यापुढे माझ्यासमोर मी कोणाला पुरं करू देणार नाही.